मध्यंतर

आमचें जुनें घर पुण्यास नारायण पेठेंत, तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारत पन्नास वर्षांपूर्वींची. तींत लिफ्ट नाहीं आणि ती बसवावी अशी जागाहि नाहीं. पायऱ्या एकूण ५४. एका मजल्यास १८, त्याहि ९-९ च्या दोन वळणांनीं. हा हिशेब मला पाठ आहे तो लहानपणीं दोन-दोन पायऱ्या गाळून चढत असें म्हणून नव्हे. प्रौढपणीं एकेक मोजीत चढावें लागे म्हणून.

२०२२ च्या फेब्रुवारींत माझे वडील, ती. दादा, वारले. माझें वय तेव्हां ५१ होतें आणि वजन ११८ किलो. आमचा जिना अरुंद, वळणावर तिरडी फिरत नाहीं. म्हणून देह चादरींत घेऊन खालीं आणावयाचा आणि तिरडी अंगणांत बांधावयाची, अशी त्या इमारतींत रीतच पडून गेली आहे. वडील मुलगा या नात्यानें डोक्याकडची बाजू मीं धरली. पहिल्या वळणापर्यंत कसाबसा आलों. दुसऱ्या वळणाशीं छाती भात्यासारखी हलूं लागली, कानांत घूं घूं आवाज येऊं लागला आणि हातांतील चादर सुटते कीं काय असें झालें. खालच्या मजल्यावरील एका तरुण शेजाऱ्यानें कांहीं न बोलतां ती बाजू माझ्या हातांतून घेतली. "काका, तुम्ही पुढें व्हा," एवढेंच तो म्हणाला. मी पुढें झालों. मडकें घेऊन चालण्याचा अधिकार माझाच होता, तो मीं बजावला. परंतु लहानपणीं मला ताप भरला असतां ज्या बापानें याच जिन्यावरून पाठुंगळीस घेऊन मला दवाखान्यांत नेलें, त्याला ५४ पायऱ्या उतरवून देण्याइतकें बळ माझ्या अंगीं नव्हतें, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्यापाशीं राहिली.

वजन कसें उतरविलें याची कथा मी सांगत बसत नाहीं. ती कंटाळवाणी आहे, आणि हल्लीं प्रत्येक घरांत ती सांगणारें कोणी तरी असतेंच. डॉक्टरांचा सल्ला, मोजलेला आहार, साखरेशीं कायमचें वैर आणि सौ.ची अमर्याद सहनशीलता, यांच्या बळावर सव्वादोन वर्षांत मी ११८ वरून ७९ वर आलों. एकोणचाळीस किलो म्हणजे दहा-बारा वर्षांचें एक मूल. रक्तांतील साखर खालीं आली, रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकीं एक सुटली. पोटावरची व दंडांवरची कातडी मात्र ओघळून राहिली. ती सदऱ्याखालीं झांकतां येते, पण चालतांना घासून सोलवटते, म्हणून आंत घट्ट बनियन घालावें लागतें. पूर्वी पौषांतहि पंखा लावून निजणारा मी आतां कार्तिकांत शाल शोधूं लागलों. आणि लोक! ज्यांनीं वीस वर्षें मला "जरा वजनाकडे लक्ष द्या" म्हणून सांगितलें, तेच आतां मंडईंत हात धरून हळू आवाजांत विचारूं लागले, "काय हो, प्रकृति बरी आहे ना? कांहीं लपवीत तर नाहीं ना?"

प्रकृति बरी आहे असें मलाहि वाटत होतें. पण २०२४ च्या जून महिन्यांत आईकडे गव्हाचें १२ किलोंचें पोतें घेऊन चढलों आणि दुसऱ्या मजल्यावर, अगदीं पूर्वींच्याच जागीं, थांबलों. तीच धाप, तोच कानांतील आवाज. पोतें पायरीवर टेकवून मी कठड्याला धरून उभा राहिलों. देहावरून एकोणचाळीस किलो गेले आणि हातांत फक्त बारा आले. तरीहि जमेचे सत्तावीस किलो गेले कोठें, हें गणित मला सुटेना.

उत्तर पुढें कळलें, आणि तें ज्यांनीं ज्यांनीं पुष्कळ वजन उतरविलें त्यांनीं ऐकून ठेवण्याजोगें आहे. केवळ आहार कमी करून वजन उतरविलें म्हणजे जें जातें तें सगळें चरबीचें नसतें. साधारणपणें चौथ्या हिश्शाच्या आसपास भाग स्नायु व इतर चरबीविरहित पेशींचा असतो. शिवाय स्थूल माणूस दिवसभर स्वतःचेंच ओझें वाहत असतो, त्यामुळें त्याच्या मांड्या नकळत कसलेल्या असतात; तें ओझें गेलें कीं त्यांचा सरावहि जातो. गुडघ्यांना मात्र निखळ लाभ होतो. वजन एक किलो उतरलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो, असें मोजून पाहिलेलें आहे. म्हणजे माझे सांधे सुखी झाले होते. पण मांड्या रोडावल्या होत्या आणि हृदय व फुफ्फुसें होतीं तशींच, उभ्या आयुष्यांत कधीं तालीम न झालेलीं. मी बारीक झालेला दुबळा मनुष्य होतों.

त्याच दिवशीं पोतें ठेवून घाम पुशीत बसलों असतां आईशीं बोलणें निघालें. त्या जानेवारींत ती स्वयंपाकघरांत पडली, खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाच्या माणसांनीं तिला उचलून वर आणून सोडलें. त्यानंतर ती खालीं उतरली नव्हती. घरांत काठी घेऊन चाले, जिना तिला शक्य नव्हता. मीं सहज म्हटलें, "आई, दिवाळीला आमच्याकडे राहायला चल." ती वाती वळीत होती. मान वर न करतां म्हणाली, "अरे, आतां मी उतरेन ती एकदांच, आणि तेव्हां मला पायऱ्या मोजाव्या लागणार नाहींत." ती हें हंसत म्हणाली. मला हंसतां आलें नाहीं.

येथें धापेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण ज्यांनीं ती भोगली नाहीं त्यांना ती केवळ श्वासाची गोष्ट वाटते. स्थूल मनुष्याला धाप लागणें ही चारचौघांतील फजिती असते, आणि ती लपविण्याच्या कलेंत तो आयुष्यभर पारंगत होत जातो. जिन्याच्या वळणावर मी थांबत असें तो कधींहि दम खाण्यासाठीं नव्हे. मला बुटाची नाडी बांधावयाची असे. कोणाचा तरी फोन आलेला असे. दुसऱ्या मजल्यावरील पाटी नवी रंगविली आहे काय हें पाहावयाचें असे. त्या मजल्यावरील वृद्ध बाईंच्या संधिवाताची मीं जितक्या आस्थेनें वीस वर्षें चौकशी केली, तितकी त्यांच्या पोटच्या मुलांनींहि केली नसेल. बिचाऱ्या मला फार प्रेमळ समजत. याच्या जोडीला भय असतें, आणि तें फजितीहून खोल असतें. छाती धडधडूं लागली कीं आतांच तें होणार, असें वाटूं लागतें. म्हणून असा मनुष्य धाप लागेल असें कांहीं करीतच नाहीं. आणि न केल्यामुळें अधिक लवकर धापतो. वजन उतरलें तरी हें भय उतरलें नव्हतें.

आईचें तें वाक्य डोक्यांत घेऊनच मी घराजवळच्या एका व्यायामशाळेंत नांव घातलें. तेथील तरुण शिक्षकानें माझे जुने छायाचित्र पाहून टाळ्या वाजविल्या आणि म्हणाला, "सर, आतां तुम्ही हिट सुरू करा." हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग या लांबलचक नांवाचें हें आद्याक्षरी रूप. वीस सेकंद जीव तोडून उड्या, दहा सेकंद थांबणें, असें आठ वेळां. यालाच ताबाता म्हणतात असें त्यानें सांगितलें. तो दिवस २०२४ च्या आषाढी एकादशीचा. माझ्या पोटांत सकाळपासून लिंबूपाण्याखेरीज कांहीं नव्हतें, कारण साबूदाणा मीं वर्ज्य केलेला. पांचव्या फेरीला डोळ्यांपुढें अंधारी आली आणि मी भिंतीशीं बसलों तो अर्धा तास उठलोंच नाहीं. गुडघा पुढें पंधरा दिवस सुजलेला होता. त्या मुलाचा हेतु चांगला होता, परंतु मला कोणी आधीं कांहीं विचारलें नव्हतें, तपासलें नव्हतें. इझुमि ताबाता यांनीं आपला प्रयोग १९९६ सालीं प्रसिद्ध केला. तो स्थिर सायकलीवर झाला होता आणि त्यांत भाग घेणारे क्रीडाशिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी होते, हें मीं नंतर वाचलें. उपाशी पोटीं उड्या मारणाऱ्या ५३ वर्षांच्या कारकुनाचा त्यांत उल्लेख नाहीं.

त्यानंतर मात्र शहाण्यासारखा वागलों. डॉक्टरांकडे जाऊन हृदयाचा आलेख काढून घेतला, फिरत्या पट्ट्यावर चालवून होते ती परीक्षा दिली, आणि त्यांच्याच सांगण्यावरून एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलों. बाई म्हणजे माझ्या मुलीहून पांच-सहा वर्षांनीं मोठी मुलगी. पण तिच्यासमोर मी अजून ताठ बसतों. तिनें पहिले सहा आठवडे मला धांवूंच दिलें नाहीं. सपाटीवर चालणें, हात न टेकतां खुर्चीवरून उठणें-बसणें, भिंतीला हात लावून जोर, आणि जेवणांत वरण, उसळ, ताक, पनीर यांची वाढ; कारण नुसता आहार कमी करीत राहिलें तर व्यायामानें स्नायु बांधले जात नाहींत. हें झाल्यावर एक दिवस ती म्हणाली, "काका, आतां आपण इंटरव्हल सुरू करूं. एक गोष्ट लक्षांत ठेवा. यांत थांबणें हाहि व्यायामच आहे."

इंटरव्हल म्हणजे आम्हां पुणेकरांच्या भाषेंत मध्यंतर, आणि मध्यंतर या शब्दाशीं माझें नातें जुनें व खमंग आहे. दादांना नाटकाचें वेड. बालगंधर्व रंगमंदिरांत ते आम्हां सगळ्यांना नेत, आणि पडदा पडतांच रांग लावून बटाटेवडे आणीत. तिसऱ्या अंकांत काय घडलें हें मला एकाहि नाटकाचें आठवत नाहीं. वडे सगळे आठवतात. तेव्हां ज्या शब्दानें मला वाढविलें तोच शब्द आतां मला सांवरण्यास आला, याची मला गंमत वाटली. पण बाईंच्या बोलण्यांतील मर्म मला त्या दिवशीं कळलें नाहीं. जरा वाचल्यावर कळलें.

१९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत वोल्डेमार गेर्शलर नांवाचे एक प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल नांवाचे एक हृदयरोगतज्ज्ञ होते. धांवपटूंस थोडें अंतर वेगानें पळवावयाचें, नाडी मिनिटास १८० च्या घरांत गेली कीं थांबवावयाचें, ती १२० वर आली कीं पुन्हां पळवावयाचें, ही त्यांची रीत. खालीं येण्यास दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला, तर दिलेलें काम झेपण्यापलीकडचें होतें असें समजावयाचें. त्यांच्या मतें हृदयाची खरी वाढ धांवण्यांत होत नसून त्या मधल्या विश्रांतींत होत होती, आणि म्हणूनच या पद्धतीला नांव धांवण्याचें न पडतां मध्यंतराचें पडलें. आजचें शास्त्र श्रमाच्या भागालाहि तितकेंच श्रेय देतें, तें असो. गेर्शलर यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग यानें १९३९ सालीं मिलान येथें ८०० मीटरचें अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडलें आणि तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. बिचारा हार्बिग तो मोडलेला पाहण्यास उरला नाहीं. १९४४ मध्यें युद्धांत तो गेला.

धांवपटूंचें शास्त्र रोग्यांच्या कामीं येतें काय, हा प्रश्न नंतर पुष्कळांनीं विचारला. नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथें उलरिक विस्लॉफ यांनीं सहकाऱ्यांसह २००७ सालीं हृदय क्षीण झालेल्या २७ वृद्धांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चार मिनिटें वेगानें, तीन मिनिटें सावकाश, असें चार वेळां. सौम्य गतीनें सतत चालणाऱ्यांपेक्षां या लोकांची प्राणवायु वापरण्याची शक्ति कितीतरी अधिक वाढली. दहा वर्षांनीं, २०१७ मध्यें, तोच प्रश्न घेऊन युरोपांत २६१ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, तेव्हां मात्र दोन्ही रीतींत तितका फरक आढळला नाहीं. मीं हें मुद्दाम सांगतों, कारण आमच्या घरांत कोणतीहि नवी गोष्ट आली कीं ती एक तर रामबाण ठरते, नाहीं तर थोतांड. माझे एक वडीलधारे आप्त दुसऱ्या पक्षाचे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, ते आमच्या आजोबांनीं जन्मभर घातले, मग हें परदेशी खूळ कशास, असें ते विचारतात. मी त्यांना म्हटलें, बारा नमस्कार झपाट्यानें घालून, क्षणभर उभे राहून, आपण पुन्हां बारा घालतां ना? मग आपण नव्वद वर्षांपासून इंटरव्हलच करीत आहां. ते प्रसन्न झाले. त्यांचें वय ८१ आहे हें त्यांनीं दुरुस्त करून सांगितलें नाहीं.

माझी सुरुवात नॉर्वेइतकी जोमदार नव्हती. घरांत आणलेल्या स्थिर सायकलीवर दहा मिनिटें हळूहळू अंग तापवावयाचें. मग तीस सेकंद वेग, नव्वद सेकंद विसावा, असें सहा वेळां. मग पुन्हां हळूहळू थंड व्हावयाचें. आठवड्यांतून दोनच दिवस, मध्यें किमान दोन दिवस सोडून. रक्तदाबासाठीं अजून चालू असलेली माझी गोळी नाडीला वेसण घालते. म्हणून दोनशें वीसांतून वय वजा करण्याचा जो ठोकळ हिशेब आहे तो माझ्या उपयोगाचा नव्हता. त्याऐवजीं बाईंनीं बोलण्याची कसोटी दिली. वेगाच्या वेळीं दोन-तीन शब्दांपलीकडे बोलतां येऊं नये. विसाव्याच्या अखेरीस सबंध वाक्य बोलतां यावें. मीं वाक्याऐवजीं एकोणतिसाचा पाढा घेतला. तो लहानपणीं आईनें देवासमोर बसवून पाठ करून घेतलेला.

पहिल्या दिवशीं सौ. घड्याळ घेऊन दाराशीं उभी होती. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरींत छातींत ती ओळखीची धडधड सुरू झाली आणि माझे पाय आपोआप थांबले. थकवा नव्हता, मी घाबरलों होतों. जिन्यावरची ती चादर मला हातांत जाणवली. सौ.नें घड्याळाकडे पाहून शांतपणें म्हटलें, "अहो, अजून अकरा सेकंद आहेत." अकरा सेकंद! मनुष्याला वर्षाची शिक्षा सोसते ती ठरलेली असते म्हणून. मीं पाय फिरविले. अकरा सेकंद संपले, मी थांबलों, आणि थांबणें हें या वेळीं माझें कामच होतें; त्यासाठीं बुटाची नाडी सोडावी लागली नाहीं. पाढा सुरू केला. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीपर्यंत पोंचेतों नव्वद सेकंद सरले. पण धडधड खालीं आली होती. ती वर जाते आणि खालीं येते, एवढी साधी गोष्ट मला ५३ व्या वर्षीं प्रथम समजली. पूर्वी मी तिला वर जाऊंच देत नसें, म्हणून तिला खालीं येतांना पाहिलेंच नव्हतें.

दोन महिन्यांत एकोणतीस दाहे दोनशें नव्वदपर्यंत पाढा जाऊं लागला आणि वर श्वास शिल्लक राहूं लागला. मग सायकल सोडून पर्वती धरली. तेथील पायऱ्या रुंद व उथळ. पेशव्यांचे हत्ती त्यांवरून चढत असें म्हणतात, आणि माझ्या पूर्वायुष्याचा विचार करतां ही जागा मला योग्यच होती. एक मिनिट झपाट्यानें चढावें, दोन मिनिटें उभें राहून शहर पाहावें. पहांटे तेथें दररोज चढणारीं माणसें माझ्या शेजारून जात. एकदां एक आजोबा थांबून म्हणाले, "दमलांत वाटतें? बसा थोडे." मी म्हणालों, "होय, दमलों." वीस वर्षांत एवढें सरळ उत्तर मीं कोणास दिलें नव्हतें. वजन याच काळांत ७९ चें ८२ झालें. त्यांत स्नायु किती आणि भाच्याच्या घरचें श्रीखंड किती हें मी तपासलें नाहीं.

त्याच भाच्याच्या मुलाची मुंज २०२५ च्या वैशाखांत ठरली. आईचा पहिला पणतू. आई येणार नाहीं हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. तिनें वर बसूनच त्याच्यासाठीं चांदीची वाटी काढून ठेवली होती. उचलून नेणारीं माणसें पैसे देऊन मिळाली असतीं, पण परक्यांच्या हातीं ती जाण्यास तयार नव्हती. बाईंना विचारलें. त्यांनीं आधीं नाहीं म्हटलें. मग स्वतः येऊन जिना पाहिला आणि हातांची एक भक्कम खुर्ची निवडून दिली. आईचें वजन ४४ किलो. तीन रविवार आम्हीं त्या खुर्चीला वीस-वीस किलो तांदुळाचीं दोन पोतीं बांधून वर-खालीं नेलीं. वरची बाजू माझ्या मुलीनें धरावयाची, खालची मीं. खुर्चीकडे तोंड करून मागें मागें पायरी उतरावयाची, आणि सौ.नें माझ्या पाठीला हात लावून पायऱ्या मोठ्यानें मोजावयाच्या. दुसऱ्या मजल्यावरील संधिवाताच्या बाई दार उघडून हें सारें पाहत, आणि तांदूळ स्वस्त झाला काय म्हणून विचारीत.

मुंजीच्या सकाळीं आईनें जांभळी पैठणी नेसली. तिला जुन्या पातळानें खुर्चीला बांधलें तेव्हां ती म्हणाली, "घट्ट बांध हो, मी हलकी आहे." पहिल्या नऊ पायऱ्यांत कोणी बोललें नाहीं. सौ.चें मोजणें तेवढें ऐकूं येत होतें. ज्या वळणाशीं तीन वर्षांपूर्वीं माझ्या हातांतून चादर घेतली गेली, तेथें मुलगी थांबली नाहीं, मीहि थांबलों नाहीं. दुसऱ्या मजल्यावर ठरल्याप्रमाणें खुर्ची टेकविली. छाती वाजत होती. मीं घड्याळ पाहिलें आणि उभा राहिलों.

"दमलास कां रे?" आईनें विचारलें.

"दमलों. मध्यंतर आहे."

ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि वडे?"

मुलीला हंसूं आवरेना, म्हणून तें मध्यंतर अर्ध्या मिनिटानें वाढलें. उरलेल्या ३६ पायऱ्यांना आणखी एक लागलें. मातृभोजनाच्या आधीं पाऊण तास आम्ही कार्यालयांत होतों. संध्याकाळीं वर चढतांना मात्र पांच मध्यंतरें झालीं, आणि प्रत्येकाला आईनें मला एकोणतिसाचा पाढा म्हणावयास लावला.